बुवांनी आज अडवलं नाही

आज मारवा रागाचा अख्खा विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतला भाग, गाऊन झाला आणि माझ्या गुरूंनी, बुवांनी, मला एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "बरं. द्रुत कधी आणतेस?" म्हणजे पुढची, जलद लयीतली बंदिश. बस, एवढंच. काकूंनी चहा आणला, तो झाला, मी निघाले. घरी आल्यापासून कशातच लक्ष लागत नाहीये.

खरं तर आनंद व्हायला हवा. उन्हाळाभर दुसरं केलंय काय मी? कार्यक्रम नाहीत, मुलींच्या शिकवण्यांना सुट्टी, म्हणून यंदा मारवा घ्यायचा असं मीच म्हटलं होतं. तेव्हा बुवा म्हणाले होते, "घे, पण घाई करू नकोस. हा राग कुठे टेकू देत नाही." आणि मग सुरुवातीला त्यांनी मला 'नि रे'च्या पुढे सरकूच दिलं नाही. रिषभ लावला की हात वर. "पुरिया झाला." पुन्हा लावायचा. "हा भैरवातला आणलास." पुन्हा. त्यावेळी मी रडकुंडीला यायचे, आणि आज तो हात वर गेला नाही म्हणून जीव खालीवर होतोय.

स्वर सगळे तेच, हीच तर गोम आहे. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. तेच स्वर पुरिया रागाचे, तेच सोहनीचे. पुरिया गंधार-निषादावर विसावतो, मंद्रात, खालच्या सप्तकात रमतो. सोहनी तार षड्जाकडे, वरच्या 'सा'कडे झेपावते. मारव्यात सगळा भार रिषभ आणि धैवतावर, आणि षड्ज मात्र टाळत राहायचा. आवर्तनंच्या आवर्तनं त्याच्या अवतीभवती फिरायचं, 'ध नि रे' करत त्याला ओलांडून जायचं, आणि अगदी शेवटी, क्षणभर, 'रे सा'. कागदावर वाचायला हे सोपं आहे. गळ्याला लहानपणापासून 'सा'वर यायचीच सवय, तो काही ऐकत नाही.

मधे एक गोष्ट लक्षात आली होती, ती बुवांना सांगायची राहूनच गेली. एका दुपारी तानपुरा न घेताच गुणगुणत होते. ध नि रे ग, मग मध्यम, मग परत खाली. आणि थोड्या वेळाने कानाला चक्क भूप राग ऐकू यायला लागला. मी थांबून बोटांवर मोजलं. धैवताला सा मानलं तर निषाद होतो रे, कोमल रिषभ होतो शुद्ध गंधार, गंधार होतो पंचम आणि तीव्र मध्यम होतो धैवत. म्हणजे मारव्यातला षड्ज वगळला की उरतो तो धैवतावरून म्हटलेला भूप! एवढा बेचैन करणारा राग, आणि त्याच्या पोटात इतका सरळ, शांत राग बसलेला. तेव्हा कळलं की ती सगळी बेचैनी सतत षड्ज धरून ठेवणाऱ्या तानपुऱ्यात आहे. आपण षड्ज सोडून गेलेलो असतो, तो आपल्याला सोडत नाही.

त्या दिवसापासून तानपुऱ्याशिवाय मारव्याचा एक स्वर काढला नाही. पंचम नाही म्हणून पहिली तार निषादात. या हवेत त्या तारा काही जागेवर राहत नाहीत. सकाळी लावलेला तानपुरा दुपारी उतरलेला असतो, उलट साथीला असणाऱ्या दादांच्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, कोरड्या हवेनं चढलेली. तारेतला मणी सरकवायचा, घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा जरासा पुढेमागे करायचा, मग केव्हातरी तार बोलायला लागते. तो अर्धा तास मला आवडतो.

हां, तानपुरा. आज बुवा म्हणाले, "तूच लाव." इतकी वर्षं जाते आहे, त्यांनी कुणाला लावू दिलेला आठवत नाही. मी लावला. निषाद मला किंचित चढा वाटत होता, म्हणून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "ठीक आहे, कर सुरू."

याबद्दल आत्ता लिहायचं नाही.

त्यांना तो रिषभ पटला म्हणून अडवलं नाही, की नुसतं जाऊ दिलं? मला खरंच कळत नाहीये. जाऊ दिलं असेल तर का? हिच्याकडून आता आणखी काय निघणार, या वयात ही जेवढं करते तेवढं पुष्कळ, असं तर नसेल? नव्या मुलींना ते अजून तासतास अडवतात, मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकलंय. संध्याकाळभर याच विचारानं डोळे भरून येत होते. मोबाईलवरचं ते सूर दाखवणारं ॲप उघडून पाहिलं आणि बंद केलं. 'सा'पासून अंतर किती ते ॲप सांगेल. पण धैवतावरून येताना तो रिषभ धैवताशी जुळतोय का, हे त्याला कोण सांगणार?

मग गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. 1960 सालची ती रेकॉर्ड, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. झुमरा तालाच्या चौदा मात्रा इतक्या संथ की एकेका मात्रेत आपण श्वास घेऊन परत यावं. आज फक्त रिषभ ऐकायचा म्हणून बसले होते. ते रिषभावर येतात आणि थांबतात. त्यांना तिथून कुठे जायची घाई नाही. मी मात्र रिषभावर आले की पुढचं वाक्य शोधत असते, हे पहिल्यांदा इतकं स्पष्ट ऐकू आलं. हे बुवांनी कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, हात वर करून, रोजच.

एक मात्र खरं. मी गात असताना त्यांचे डोळे मिटलेले होते आणि बोटं मांडीवर मात्रा मोजत होती, शेवटच्या समेपर्यंत, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत. कंटाळलेला माणूस मात्रा मोजत नाही. कदाचित ते नुसते ऐकत असतील. माझं गाणं त्यांनी नुसतं ऐकावं याची मला सवय नाही, एवढंच असेल.

तर आता द्रुत. बंदिश पाठ आहे, पण मुखडा, तिची सुरुवातीची ओळ, अजून समेवर सहज पडत नाही, उद्या दादांना जरा लय उतरवून धरायला सांगते. तानांत षड्ज सारखा घुसतो, तिथे सरळ 'नि रे' घेऊन पुढे जायचं. आणि गुरुवारी आलाप करताना रिषभावर थांबायचं, थांबूनच राहायचं. तरीही बुवा काही बोलले नाहीत, तर तानपुरा खाली ठेवून विचारायचं, "हा बरोबर आहे का?"