डोळ्यांवाचून आकृती फिरवताना

एक आकृती मनातल्या मनात फिरवून ती दुसरीसारखीच आहे की आरशातल्यासारखी उलटी, हे ओळखायच्या चाचणीत डोळस पुरुषांचे गुण सरासरीने बायकांपेक्षा जास्त येतात. जन्मांधांमध्येही तसंच आहे का, हे तपासायचं तर चाचणी हाताची हवी. १९७६ साली मार्मर आणि झाबॅक यांनी ती स्पर्शाने घेतली. दोन आकृत्यांमधला कोन वाढला की जन्मांधांनाही उत्तराला जास्त वेळ लागतो, असं दिसलं. म्हणजे फिरवणं डोळ्यांवाचूनही होतं.

घोळ होतो तो मांडणीत. ठोकळ्यांची आकृती फळीला घट्ट बसवा. सैल राहिली तर माणूस ती हातानेच फिरवतो, मग मोजलं काय, कपाळ? चाचपण्याचा आणि ठरवण्याचा वेळ वेगळा नोंदवा. शिवाय पांढरी काठी घेऊन एकटं हिंडायला कोण कधी शिकलं, हे विचाराच. मुलींना एकटं सोडलंच नसेल, तर त्या आकड्यांत सरावाचा फरकही मिसळलेला असतो.