सिलिंडरची चावी

जानेवारीतल्या त्या रात्री नागपुरात कडाक्याची थंडी होती आणि उमरेड रोडवरच्या ज्या लहानशा प्रसूतिगृहात मला बालरोगतज्ज्ञ म्हणून बोलावले होते, तिथला नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर आठवडाभर बंद होता. टॉवेल शेगडीवर शेकून ठेवण्याखेरीज काही करता आले नाही.

पूर्ण दिवसांचे बाळ जन्मले ते निळसर, लुळे आणि निःशब्द. त्याने पोटातच शी केल्याने पाणी हिरवे झाले होते. आमच्या शिक्षणाच्या काळात अशा बाळाच्या श्वासनळीत आधी नळी घालून ती साफ करीत. 2015 पासून ती सरसकट पद्धत बंद झाली, कारण त्यात श्वास देण्याचा वेळ जातो, आणि श्वास तर पहिल्या 60 सेकंदांतच मिळायला हवा. पुसून, पाठ चोळूनही बाळ हलेना, तेव्हा मी ॲम्बू बॅग, म्हणजे मास्कमधून श्वास देण्याची हाताने दाबायची पिशवी, उचलली.

तोवर सगळे ऑक्सिजनमागे लागले होते. "मॅडम, चावी सापडूनच नाही राहिली!" असे ओरडत मावशी कपाटे उघडत होत्या आणि दाराशी उभी असलेली आजीसुद्धा शोधू लागली. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करायची असते, हे मी सांगत होते. ऐकायला जागेवर एकट्या सिस्टरच उरल्या होत्या.

खरा घोळ माझ्याच हाती होता. चार-पाच वेळा बॅग दाबूनही छाती उचलली गेली नाही, कारण घाईत मास्क हनुवटीवरून सरकला होता आणि हवा गालाशेजारून फुसकन निसटत होती. खांद्यांखाली फडक्याची घडी सरकवली, मान किंचित मागे केली, आणि नाक, तोंड व हनुवटी झाकेल पण डोळ्यांवर येणार नाही असा मास्क पुन्हा बसवला. मग 'दाब, दोन, तीन' असे मोठ्याने मोजू लागले; मिनिटाला 40 ते 60 श्वास याच लयीत बसतात. छाती उचलली गेली. सिस्टर स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके बोटाने टेबलावर वाजवून दाखवीत होत्या: 6 सेकंदांत आधी सात, थोड्या वेळाने बारा, म्हणजे मिनिटाला 70 वरून 120. बाळाने आचका दिला, मग दुसरा, आणि अखेर चिडून रडले.

देखरेखीसाठी त्याला आम्ही मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवले. चावी बीपीच्या यंत्राच्या डब्यात निघाली. ती मी त्याच रात्री सुतळीने सिलिंडरला बांधली. मार्चमध्ये पुन्हा गेले तेव्हा सुतळी जागेवर होती. वॉर्मर मात्र अजून बंदच होता.