एका गावातले दोन गुरुद्वारे

जालंधर, १२ ऑक्टोबर

काल ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आजोबांचा भोग, म्हणजे मृत्यूनंतरच्या ग्रंथपाठाची समाप्ती, होता, म्हणून त्याच्या गावी गेले. कीर्तन झालं, अरदास झाली, मग लंगर. जमिनीवर लांब पट्ट्या अंथरलेल्या, सगळे एका ओळीत. या ओळीला पंजाबीतही पंगतच म्हणतात. आमच्या आजीच्या तोंडी पंगतीमागोमाग पंक्तिभेद यायचा: आधी कोण, मागून कोण, उंबऱ्याबाहेर कोण. नांदेडला हजूर साहिबच्या लंगरात ती मला घेऊन जायची आणि सांगायची, "बघ, इथं कुणी 'तुम्ही कोणाचे' म्हणून विचारत नाही." त्या वाक्यावर मी वाढले.

परतताना गावाच्या टोकाला दुसरा गुरुद्वारा दिसला. जरा लहान, पण निशाण साहिब, म्हणजे बाहेरचा झेंडा, तसाच. मी विचारलं. "ओह ओहनां दा ऐ," सहकारी म्हणाला. गाडीचा वेगही कमी केला नाही. 'तो त्यांचा.' त्यांचा म्हणजे मजहबी शिखांचा, दलित शिखांचा. थोडं पुढे स्मशानंही दोन.

रात्री झोप आली नाही. कारण १६७५ साली गुरू तेगबहादुरांचं शीर दिल्लीहून आनंदपूरला जिवावर उदार होऊन ज्यांनी पोचवलं, ते भाई जैता याच लोकांतले. 'रंगरेटे गुरु के बेटे' म्हणून गोबिंदरायांनी, म्हणजे पुढच्या गुरू गोबिंदसिंहांनी, त्यांना पोटाशी धरलं, असं सांगतात; रंगरेटे म्हणजे हेच लोक. १६९९ च्या पंज प्याऱ्यांत, म्हणजे खालशाची दीक्षा घेणाऱ्या पहिल्या पाचांत, द्वारकेचे छींबे, म्हणजे कापड छापणारे-शिवणारे, होते, आणि उदगीरच्या पलीकडच्या आपल्या बिदरचे न्हावीही होते. मागची आडनावं गळून पडावीत म्हणून सिंह आणि कौर आले. आज त्या सिंहामागे संधू, गिल, धिल्लों पुन्हा येऊन बसलेत, आणि लग्नाच्या जाहिरातींत 'जट्ट सिख', 'रामगढ़िया', 'खत्री' असे रकानेच्या रकाने.

आजची तारीख मुद्दाम लिहिते. १२ ऑक्टोबर १९२० ला अमृतसरला अमृत, म्हणजे खालशाची दीक्षा, घेतलेले दलित शीख कढाह प्रसाद (शिरा) घेऊन दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, गेले. पुजारी त्यांच्या हातचा प्रसाद घेईनात. शेवटी गुरू ग्रंथ साहिब उघडून हुकूम घेतला आणि तो या लोकांच्या बाजूने निघाला. हा जथा शेजारच्या अकाल तख्तापाशी, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठापाशी, पोचला तेव्हा तिथले पुजारी तख्त सोडून निघून गेले. पुढच्या महिन्यात गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती उभी राहिली. एवढी मोठी संस्था त्या प्रसादाच्या परातीपासून सुरू झाली, हे गावागावात मोठ्याने सांगायला हवं असं मला फार वाटतं.

धर्म शिकवत नाही, तरी जात का टिकते? मला वाटतं उत्तर शेतात आहे. २०११ च्या जनगणनेत पंजाबात अनुसूचित जातींचं प्रमाण जवळपास ३२ टक्के, देशात सर्वांत जास्त. जमीन मात्र बहुतेक जट्टांची, म्हणजे शेतकरी जातीची. पंचायतीच्या शामलात, म्हणजे गावच्या सामायिक, जमिनीतला तिसरा हिस्सा दलितांना कसायला द्यावा असा कायदा आहे, तरी त्यासाठीही संगरूरकडे आंदोलनं करावी लागली. ज्याच्या शेतात दिवसभर राबायचं, गुरुद्वाऱ्याच्या कमिटीतही तोच. मग माणूस आपला वेगळा गुरुद्वारा बांधणार नाही तर काय करेल?

कालचंच आणखी एक. निघताना सहकाऱ्याच्या आईने मायेने हात धरून विचारलं, "पुत्तर, तुसी कौन हुंदे ओ?" मी अभिमानाने म्हटलं, नामदेव शिंपी. "अच्छा, छींबे," त्या म्हणाल्या आणि हात सुटला. सकाळी त्याच घरात आम्ही ग्रंथ साहिबपुढे डोकं टेकवलं होतं. नामदेवांची ६१ पदं त्यात आहेत. त्यातल्याच एका पदात, भक्ती करताना देवळातून उठवलेले नामदेव देवालाच विचारतात की मी शिंप्याच्या पोटी कशाला जन्मलो. औंढ्याला देऊळ फिरलं ती गोष्ट आम्ही घरी कौतुकाने ऐकली होती. ते विचारताना त्यांना काय वाटलं असेल, हे काल पहिल्यांदा कळलं.

बाबांनी आज धाकटीसाठी बायोडेटाचा मसुदा पाठवलाय, तपासायला. नांदेडच्या वजिराबादेतल्या दुकानात नामदेवांच्या तसबिरीखाली बसूनच लिहिला असणार. 'अपेक्षा' या शब्दापुढे पहिली ओळ: स्वजातीय, पोटजात तीच. ती ओळ काढून मी तो परत पाठवलाय. बाबांचा फोन अजून आलेला नाही.