एमएच-०९ ची केए-२२ होताना

गाडी कोल्हापूरच्या मामांची. आमच्याकडं आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी पेट्रोलची स्विफ्ट घेतली आणि पेढे घेऊन थेट बेळगावला, आमच्या शहापुरातल्या घरी आले. पेढा हातात धरूनच मी त्यांना बॉनेट उघडायला लावलं होतं. उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये बोअरिंग-होनिंगच्या कामावर माझी सोळा वर्षं गेली आहेत. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडं झाला की जॉब बाजूला टाकायचा, ही रोजची सवय. त्यामुळं ११९७ सीसीचं ते इंजिन आयडलिंगला किती शांत चालतं हे ऐकत मी बराच वेळ उभा राहिलो. तेव्हापासून ती गाडी मनात होती.

२०२४ च्या मे महिन्यात मामांनी मोठी गाडी बुक केली, ती दिवाळीत मिळणार होती. फोनवर म्हणाले, "शोरूमवाला जुन्या गाडीचे जेवढे देतोय तेवढेच तू दे. परक्याच्या हातात जाण्यापरास घरात राहू दे."

तोवर आमचं सगळं भाड्याच्या गाडीवर चालायचं. अंबाबाई, सौंदत्ती, खानापूरकडची लग्नं, आईचं कोल्हापूरच्या डॉक्टरांकडं जाणं. किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, रात्र झाली तर त्याचे वेगळे. बायकोनं वहीत एका वर्षाचा हिशेब मांडला आणि वही माझ्यासमोर ठेवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गाडी घेऊन आलो. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा टोल ओलांडला, तवंदीचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जराही कुरकुरलं नाही, आणि मला वाटलं की काम झालं.

काम तिथून सुरू होणार होतं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मामांनी सह्या करून दिल्या होत्या. ते कागद मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आणि दोन महिने तसेच राहू दिले. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर बारा महिने चालतं, एवढंच मी ऐकून होतो. ते खरंही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. पण ही मुदत नंबराची. विम्याची मुदत वेगळी असते, ती चौदा दिवसांची, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये वंटमुरीच्या घाटात पाऊस जोरात होता. पुढच्या टेम्पोनं ब्रेक मारला, मीही मारला, पण गाडी घसरत जाऊन त्याच्या मागच्या लोखंडावर बसली. कुणाला खरचटलंही नाही, ते सगळ्यात महत्त्वाचं. बंपर फाटला, डावा हेडलाइट गेला, ग्रिल आत दबली. गॅरेजवाल्या दादांनी १८,४०० रुपयांचा अंदाज दिला. विमा होता, पूर्ण विमा होता, म्हणून मी निर्धास्तपणे फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे तेच गाडीचे मालक आहेत का?"

मी खरं ते सांगितलं. गाडी जूनमध्ये विकत घेतली आहे. मग त्यांनी नीट समजावलं. गाडी विकली की समोरच्याच्या नुकसानीचा भाग, म्हणजे थर्ड पार्टी, कायद्यानं आपोआप नव्या मालकाकडं येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते.

ओळखीच्या दोघा-तिघांनी सुचवलं की मामांच्याच नावानं क्लेम टाक, आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, अजून त्यांच्याच नावावर आहे. मामाही तयार होते. मी नको म्हटलं. एक तर ते खोटं झालं असतं. दुसरं म्हणजे मामांनी पाच वर्षांत एकही क्लेम केला नव्हता, म्हणून त्यांना ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सूट, होता. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो ते दिवाळीतल्या नव्या गाडीला लावणार होते. एका बंपरपायी तो शून्यावर आला असता. १८,४०० रुपये मी खिशातून भरले. तेव्हा वाईट वाटलं, आजही त्या आकड्याचा विसर पडत नाही. म्हणून ज्यांची जुन्या गाडीची बोलणी चालू आहेत त्यांना मी पहिल्यांदा हेच विचारतो: विमा नावावर कधी करणार?

त्याच आठवड्यात मी विम्याचा अर्ज दिला. फॉर्मच्या प्रती, मामांची संमती, गाडीची चारही बाजूंनी तपासणी. मामांचा बोनस काढून घेतल्यामुळं उरलेल्या पाच महिन्यांचा फरक मला भरावा लागला. तो रास्तच होता.

मग एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला जुन्या आरटीओचा ना हरकत दाखला. फॉर्म २८ च्या तीन प्रती, त्यावर चेसिस नंबरचा ठसा. नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल फिरवायची. हे काम मी स्वतः केलं, एक एक अक्षर उमटेपर्यंत. अर्ज मामांच्या नावानं कोल्हापुरातच करायचा होता. तिथं दोन गोष्टी निघाल्या. मामांचं कर्ज २०२२ मध्येच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. ते काढायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. आणि दोन ई-चलानं थकलेली होती. एक मामांचं, दुसरं जुलैतलं, म्हणजे माझं. दोन्ही मी भरली. या सगळ्यात तीन आठवडे गेले. गाडी चोरीची नाही हे दाखवणारा एनसीआरबीचा दाखला मात्र ऑनलाइन लगेच मिळाला.

बेळगावात कागद दिले तेव्हा एक चिठ्ठी हातात आली, कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचताना अडखळतो. घरी मुलीनं वाचून दाखवली. ती शाळेत कानडी शिकते. "बाबा, गाडी पहिल्यांदा घेतली तेव्हाचं मूळ बिल मागितलंय." कारण कर्नाटकचा आजीवन कर गाडीच्या मूळ किमतीवर बसतो. पाच लाखांपर्यंत १३ टक्के, पाच ते दहा लाखांना १४ टक्के, गाडीच्या वयाप्रमाणं त्यात सूट, आणि जो कर निघेल त्यावर ११ टक्के सेस. बिल मामांच्या कपाटात होतं म्हणे. आत्यानं दोन दिवस कपाट उपसलं आणि लग्नपत्रिकांच्या निळ्या पिशवीत ते सापडलं.

कर ६० हजारांच्या वर गेला. मामांनी कोल्हापुरात पंधरा वर्षांचा कर आधीच भरलेला, त्यातली सहा वर्षंही सरली नव्हती. गाडी तीच, रस्ताही तोच, मधे फक्त कोगनोळी. आमच्यासारख्या घरांत मुली तिकडं दिलेल्या, सुना इकडं आलेल्या, त्यांना हा भार जाणवतोच. शिल्लक वर्षांचा कर महाराष्ट्रातून परत मागता येतो, पण आधी इथं पूर्ण भरून नवा नंबर हातात यावा लागतो. गाडी स्वस्त पडली असं वाटणाऱ्यानं ही रक्कम किमतीत आधीच धरावी. मी धरली नव्हती. बायकोनं तिची भिशी लवकर उचलली म्हणून निभावलं.

तपासणीच्या दिवशी मी गाडी पहाटे धुतली. निरीक्षकांनी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून पाहिले, दिवे लावायला सांगितले. नवा हेडलाइट जुन्यापेक्षा जरा पांढरा दिसत होता. पाच मिनिटांत झालं. नोव्हेंबरमध्ये केए-२२ आला. नव्या एचएसआरपी, म्हणजे जादा सुरक्षेच्या नंबर पाट्या बसवल्या, काचेवर पेट्रोलचा फिकट निळा स्टिकर लागला. जुना फास्टॅग बंद करून नव्या नंबराचा घ्यावा लागला, आणि पॉलिसीवरही नंबर बदलून घेतला.

जानेवारी २०२५ मध्ये नूतनीकरण माझ्या नावानं झालं. थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तेव्हा हा दर सरकारनं ठरवलेला होता, त्यामुळं सगळ्या कंपन्यांकडं सारखाच. फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात, म्हणून घासाघीस तिथंच करायची. माझा बोनस शून्य होता. तरी झिरो डेप, म्हणजे भागांची घट न कापता पैसे देणारं जादा कव्हर, घेतलं, कारण साध्या पॉलिसीत बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात, आणि बंपर मला चांगला लक्षात आहे.

फेब्रुवारीत गल्लीतल्या एका मित्रानं सौंदत्तीच्या पौर्णिमेला गाडी भाड्यानं मागितली. मी नाही म्हणालो. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं द्यायची नसते, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. त्याला राग आला. नंतर मीच त्याला पैसे न घेता सोडून आलो.

त्याच महिन्यात आम्ही कोल्हापूरला गेलो. मामांनी नव्या पाटीवरून हात फिरवला, म्हणाले, "झाली बघ बेळगावची." मग बॉनेट उघडायला लावून गाडी चालू करायला सांगितली. दोघं ऐकत उभे राहिलो. कर परतीचा अर्ज त्यांच्या सहीनं द्यायचा होता: एनओसीची प्रत, नवी आरसी, कर भरल्याची पावती, बँकेचा तपशील. तो दुसऱ्या दिवशी दिला. पोच आत्यानं घडी घालून त्याच निळ्या पिशवीत ठेवली आहे.