आमची वाटचाल : उद्यमबागेतील मनुष्यबळ सेवा

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप यांची पीएफ-ईएसआयची (भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विम्याची) कागदपत्रे सांभाळणारे छोटे कार्यालय म्हणून आमची सुरुवात झाली. स्वतंत्र मनुष्यबळ अधिकारी ठेवणे ज्यांना परवडत नाही, अशा कारखान्यांची हजेरी, पगारपत्रके आणि भरणा आम्ही पाहत होतो. पुढे त्याच कारखानदारांच्या आग्रहामुळे भरतीचे कामही आमच्याकडे आले. मनुष्यबळाच्या कामासाठी एमबीए किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेले उमेदवार निवडताना काय पाहावे, याचे आमचे निकष याच कामातून घडले.

मुलाखतीत आम्ही उमेदवारासमोर फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करण्याचे काम) करणाऱ्या कामगाराची पगाराची स्लिप ठेवतो. प्रश्न कामगारांच्या नेहमीच्या तोंडचा असतो : "ओव्हरटाइम एवढा केलोय, मग पीएफ तेवढाच कसा काय?" पीएफची १२ टक्के कपात मूळ वेतन व महागाई भत्त्यावर होते, हे बहुतेकांना पाठ असते, परंतु "काका, हे बघा, ओव्हरटाइम दुप्पट दरानं इथं धरलाय, पीएफ मात्र वरच्या या दोन रकमांवरच कापतात," असे रकान्यावर बोट ठेवून समजावणारा उमेदवार क्वचितच भेटतो. तो भेटला की आम्ही गुणपत्रिका फारशी पाहत नाही.

येळ्ळूर-खानापूरकडचा कामगार मराठीत बोलतो, बिहार-ओडिशातून आलेला हिंदीत, आणि कामगार खात्याची नोटीस कन्नडमध्ये येते. केवळ कन्नड वाचता येत नाही म्हणून आपली हुशार मुले मागे राहतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. म्हणून रुजू झालेल्यांकडून आम्ही जुन्या नोटिसा रोज मोठ्याने वाचून घेतो. पगाराचा आकडा बाहेर न फोडण्याची सवय मात्र उमेदवाराने घरूनच आणायची असते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार कामगार संहिता लागू झाल्यापासून कायदा स्वतः वाचण्याची तयारी अधिकच आवश्यक झाली आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास निम्म्यावरची रक्कम वेतनात धरावी लागते, आणि नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. हे एक्सेलमध्ये बसवायचे, तर सूत्रामागचा नियम ठाऊक हवा.

पीएफ-ईएसआयचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करावा लागत असल्याने पहिला पंधरवडा आमच्याकडे धावपळीचा असतो. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही याच पंधरवड्यात बोलावतो आणि हजेरीपटापासून भरण्याच्या चलनापर्यंतचे संपूर्ण काम त्यांच्या हातून करून घेतो.