रोज एक फ्रॅक्टल, आणि आईचा मोर

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत भाच्याने माझ्या लॅपटॉपवर फ्रॅक्टलचा, म्हणजे कितीही आत गेलं तरी नक्षीत नक्षी निघत राहणाऱ्या चित्रांचा, एक फुकट प्रोग्राम टाकून दिला, एक्सएओएस, त्याला केऑस म्हणतात. बटण दाबून धरलं की चित्र आत आत जातं. त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत आत जात होते आणि दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत कॅशला बसल्यावर डोळ्यांपुढे तीच वळणं. तेव्हाच ठरवलं, जेवणं आवरली की रोज एक चित्र करायचं आणि झोपायच्या आधी फॅमिली ग्रुपवर टाकायचं.

गणित म्हणाल तर एवढंसंच. एक आकडा घ्या, आडवा आणि उभा असे दोन भाग असलेला, म्हणजे चित्रातला एक ठिपकाच, त्याचा वर्ग करा, मूळ आकडा मिळवा, जे आलं त्याचा परत वर्ग, परत मूळ आकडा मिळवा. काही आकडे फुगत जातात, मध्यापासून 2 च्या पलीकडे गेले की परत येत नाहीत, काही कितीही फेऱ्या मारल्या तरी आतच राहतात. आत राहिले ते काळे, पळाले त्यांना कितव्या फेरीत पळाले त्यावरून रंग. याची चित्रं 1980 मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट यांनी आयबीएमच्या कॉम्प्युटरवर काढली म्हणून हा मँडेलब्रॉट सेट, आणि फ्रॅक्टल हा शब्दही त्यांचाच, 1975 चा.

त्यांनी 1967 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी नक्की किती असा प्रश्न घेऊन लेख लिहिला होता, पट्टी जेवढी बारीक तेवढा किनारा लांब. आम्ही रत्नागिरीचे, खाड्या बघतच वाढलो, त्यामुळे मला हे लगेच पटलं. आपल्या देशाचा किनारा शाळेत 7,516 किमी शिकलो, आता बारीक नकाशावर परत मोजला तर 11,098 किमी भरला, समुद्र तोच.

पहिले पंधरा दिवस चित्रं बिघडायचीच. आत गेलं की मधोमध काळा डाग, मला वाटायचं तिथे खरंच काही नाही, पण फेऱ्यांची मर्यादा 256 ठेवलेली, ती 5000 केली आणि त्या काळ्यातून अख्खी वेल फुटली! मग फार खोल गेलं की चौकोन चौकोन दिसायचे, कारण साध्या हिशेबात पंधरा सोळा अंकच मावतात, 1 वर 13 शून्यं एवढा झूम झाला की शेजारच्या ठिपक्यांचे आकडे सारखेच होतात. त्याच्या पुढे जायला कॅलेस फ्राक्टालर हा दुसरा प्रोग्राम घेतला. आणि ग्रुपवर फोटो म्हणून टाकलं की बारीक नक्षी पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून टाकायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना आता पाठ झालंय.

चाळीस एक दिवस झाले असतील तेव्हाची गोष्ट. जांभळ्यावर सोनेरी, दोन वळ्या एकमेकींत गेलेल्या आणि डावीकडे अगदी मोराची मान. आई फोन डोळ्याशी धरून बघत बसली, बोटाने मोठं करून, मग म्हणाली, "अगं, हा माझ्या पैठणीच्या पदरावरचा मोर. मोठा काढून दे मला, देवघराशेजारी लावते." मी फोटोवाल्याकडे गेले. 12 बाय 18 इंचाला चांगल्या प्रिंटसाठी 5400 पिक्सेल लागतात आणि माझं चित्र 1280 चं, तो म्हणाला ताई, फुटेल. परत मोठं रेंडर करायचं, म्हणजे कॉम्प्युटरकडून नव्याने काढून घ्यायचं, तर ती जागा हवी, म्हणजे मध्यबिंदूचे दोन आकडे आणि झूम, आणि मी सेव्ह केलं होतं नुसतं चित्र. जागा गेली होती. मला रडूच आलं.

शोधायला बसले. मँडेलब्रॉट सेटच्या पूर्ण चित्रातला मोठा हृदयाचा आकार आणि त्याच्या डावीकडचा गोल यांच्यामधली खाच, सीहॉर्स व्हॅली, तिथलंच आहे एवढं आठवत होतं, पण तिथे सगळंच सारखं दिसतं. मग चित्रातल्या गाठीवरच्या फांद्या मोजल्या, पेन्सिलने खुणा करून, तेरा भरल्या. खाचेत खाली खाली जाताना हृदयाच्या कडेला जे मोठे गोळे लागतात त्यांच्या टोकाला आधी 5 फांद्या, मग 7, 9, 11, 13 अशा फुटतात, म्हणजे माझं चित्र तेराच्या गोळ्यापाशी. अख्खी खाच धुंडाळायची ती एका गोळ्यावर आली! तरी अकरा रात्री गेल्या. दोन वळ्या सापडल्या, 5400 पिक्सेलला रेंडर केलं, लॅपटॉप रात्रभर तापत होता.

आईने प्रिंट हातात घेतली, बराच वेळ बघितलं आणि डावीकडे बोट ठेवलं. "छान आहे गं. पण याला मान नाही."

ती प्रिंट देवघराशेजारी लावलीय. आता प्रत्येक चित्राबरोबर आधी जागेचे आकडे असलेली पॅरामीटर फाइल सेव्ह करते, वहीतही आकडे उतरवते, आणि रविवारी नवीन चित्र न करता तेराच्या गोळ्याभोवती फिरते. आई चहा ठेवता ठेवता विचारते, "आला का गं माझा मोर?"