खडपावरच्या घरातला रेडिओ

आज माळ्यावरचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, जुना रेडिओ उघडून बसलोय. कोकणात खडपाला लागून असलेल्या घरांत हे सेट बहुतेक एकाच दुखण्याने जातात. भरतीच्या लाटा कातळावर फुटल्या की खारे तुषार पार ओटीपर्यंत येतात आणि बँड स्विचच्या (मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह बदलायच्या खटक्याच्या) पात्यांवर हिरवट थर धरतो. मग स्टेशन लागतं, खरखरतं, बटण जरा हललं की गायब. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच वीसेक वेळा फिरवायचा. पॉलिश पेपर अजिबात नको, चांदीचा मुलामा निघतो.

वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावू नका. आधी ६० वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, म्हणजे सेटची वीज त्या बल्बातूनच जाईल. बल्ब पेटून मंदावला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. सतत घूंऽऽ येत असेल तर फिल्टर कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारे डबे, सुकलेत. प्लग काढल्यावरही त्यांत २०० व्होल्टच्या वर साठा असू शकतो. हात घालण्याआधी रेझिस्टर लावून तो उतरवा.

मीडियम वेव्ह तपासायची ती दिवेलागणीनंतर. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा, म्हणजे आकाशातल्या उंच विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर विरतो आणि लांबची स्टेशनं वरून परावर्तित होऊन पोचतात. संध्याकाळी अख्खं घर रेडिओभोवती जमायचं ते काही यासाठी नव्हे म्हणा, पण आवाज तेव्हाच लांबून यायचा.